साडूच्या नाकावर टिच्चून घेतलेला फ्लॅट

माझ्या साडूचं चांगलं झालेलं मला बघवत नाही. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी हे सरळ लिहून टाकतो, कारण इतकी वर्षं मी ह्या जळण्याला भलतीच नावं देत आलो. कधी म्हणायचो, मला त्याची काळजी वाटते. कधी म्हणायचो, एवढी घाई बरी नव्हे. खरी गोष्ट एवढीच, की तो जिना चढून आमच्याकडे आला आणि हातात पेढ्यांचा पुडा दिसला, की माझ्या पोटात दुखायला लागायचं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नामपूरचा. घरात कांद्याचा व्यापार, शिक्षण बारावी, तीही दुसऱ्या फटक्यात. मी पदवीधर, सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक, नाशकात इंदिरानगरला स्वतःचं घर, आणि मानानं थोरला जावई. लग्न करून तो नाशकात आला तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा आणि गॅसच्या नंबरापासून रेशनकार्डापर्यंत सगळं मला विचारून करायचा. तेव्हा मला तो फार आवडायचा. काय गुणी माणूस आहे, असं मी चारचौघांत सांगायचो. मग त्यानं पहिला फ्लॅट घेतला, लिलावातला, आणि माझं प्रेम आटलं.

हा लिलाव म्हणजे सरकारी बँकेचा. घराचं कर्ज थकलं की बँक घर जप्त करते, पेपरात बारीक अक्षरांत जाहिरात देते आणि कॉम्प्युटरवर बोली लावून ते विकते. घर स्वस्तात जातं, कारण बऱ्याचदा जुना मालक आतच राहत असतो आणि त्याला बाहेर काढायची कटकट घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. शहाणी माणसं त्या वाटेला जात नाहीत. माझा साडू गेला. एक घेतला, भाड्यानं दिला. भाड्याच्या जोरावर दुसरा घेतला. बघता बघता सहा झाले. आणि भांडण नाही, कोर्ट नाही, पोलीस नाहीत, महिन्याच्या आत ह्याचं भाडं सुरू! मी बायकोला म्हणालो, गुंड पाठवत असणार, दुसरं काय. ती म्हणाली, "तुमच्या जिभेला काही हाड?"

धोंड्याचा महिना आला, तसं सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांना सिन्नरला जेवायला बोलावलं. अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, पाय धुवायचे, कपडे करायचे, ही आमच्याकडची रीत. त्यात थोरल्याचा मान पहिला. सासूबाईंनी पाय माझेच आधी धुतले, धोंडाही माझ्याच ताटात आधी पडला, खोट काढायला जागा नव्हती. पण सासऱ्यांचं तोंड पहिल्या घासापासून त्याच्याकडे. "काय जावईबापू, आता कुठला?" आता कुठला म्हणजे आता कुठला फ्लॅट. मला कुणी कधी 'आता कुठला' असं विचारलं नाही. मला विचारतात, रिटायर व्हायला किती राहिली?

"पाथर्डी फाट्याला एक पाह्यलाय, बाबा," साडू म्हणाला. "तिसरा मजला, दोन बेडरूम. पुढल्या महिन्यात लिलाव हाय."

काही लपवाछपवी नाही. असं सांगून टाकलं, जसं काही उद्या बाजारातून मेथीची जुडी आणायचीय.

"पण घेताना बघता काय तुम्ही?" सासऱ्यांनी विचारलं.

"आमच्या नामपूरच्या मार्केटात ट्रॉलीच्या वरचा कांदा सगळ्यांचाच चांगला असतो. हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातला काढून पाह्यचा, मग बोली बोलायची. घराचं बी तसंच. आत जाऊन बसल्याबिगर मी बोली लावत नाय."

सासरे मांडीवर थाप मारून हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐका." तेवढ्यात स्वयंपाकघरातून मेहुणी ओरडली, "दाजी, तुम्हीपण घ्या की एखादा! हे शिकवतील तुम्हाला!"

शिकवतील! गॅसचा नंबर कसा लावायचा हे ज्याला मी शिकवलं, तो मला शिकवणार! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की समोरचा धोंडा तुपात तसाच भिजत राहिला. परत येताना गाडीत बायको खिडकीबाहेर बघत स्वतःशीच म्हणाली, "काय बाई नशीब काढलं हिनं." मी गाडी चालवत होतो. बावीस वर्षांच्या संसारात ह्या बाईनं माझ्या बाबतीत असं एकदा तरी म्हटलं असतं!

पाथर्डी फाट्याचा तो फ्लॅट मला हवा झाला, तो त्याला हवा होता म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, उगाच सोंग कशाला आणू. जाहिरात शोधली, भविष्य निर्वाह निधीतून पैसे उचलून अनामत भरली, उरलेल्यासाठी कर्जाची बोलणी केली. बायकोला पत्ता सांगितला, कागद दाखवले. हा फ्लॅट साडूनं हेरलेला आहे एवढंच तेवढं सांगितलं नाही; सिन्नरला तो बोलला तेव्हा ती मागच्या अंगणात होती. ती म्हणाली, "धाकट्या जावयांना एकदा विचारून घ्या ना, त्यांना कळतं त्यातलं." मी म्हणालो, "मला काय अक्कल नाही?" विषय संपला.

बँकेनं घर बघायला एक दिवस ठेवला होता, अकरा ते एक. मी हाफ डे टाकून गेलो. वॉचमन म्हणाला, "तिसऱ्यावर जा, माणसं हायेत घरात." मी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो आणि तिथंच थांबलो. वरच्या दारापुढे चपला ओळीनं लावलेल्या दिसत होत्या. कुकरची शिट्टी झाली. ज्यांचं घर विकलं जाणार आहे त्यांच्या दारात जाऊन म्हणायचं काय, जरा बेडरूम दाखवता का? मला ते जमेना. मी स्वतःला सांगितलं की हा सभ्यपणा आहे. मग खाली पार्किंगमध्ये उभा राहून मान वर करकरून भिंतीची ओल बघितली, लिफ्ट चालते का पाहिलं, पाण्याची टाकी पाहिली आणि ऑफिसात परतलो. म्हणजे काय, ट्रॉलीच्या वरचा कांदा बघून आलो.

लिलावाच्या दिवशी रजा काढली. टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी पाण्याचा तांब्या. ह्या लिलावात कोण बोली लावतंय त्याचं नाव दिसत नाही, नुसता आकडा वर सरकतो. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली वाढवली की आणखी पाच मिनिटं मिळतात. सुरुवातीला तीन-चार जण असावेत. अर्ध्या तासात आकडा ज्या चालीनं हलायला लागला त्यावरून कळलं, आता आम्ही दोघंच उरलो. मी वाढवलं की तो वाढवायचा, दोन मिनिटं थांबून, शांतपणे. मी मात्र त्याचा आकडा दिसायचा अवकाश, धाडकन पुढची बोली टाकायचो. "घे! घे अजून! आहे का दम?" मी चक्क ओरडत होतो. बायकोनं देवापुढे दिवा लावला आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली. मी जास्तीत जास्त म्हणून ठरवलेली रक्कम केव्हाच मागे पडली होती. तिच्यानंतर ठरवलेलीही पडली. शर्ट पाठीला चिकटला. आणि मग एकदाची माझी बोली तशीच राहिली. एक मिनिट. तीन मिनिटं. पाच मिनिटं. तो आलाच नाही.

मी खुर्चीवरून असा उठलो की तांब्या लवंडला. "आण साखर!" मी म्हणालो. "आणि लाव फोन तुझ्या बहिणीला!"

"मघाशीच लावला होता," बायको म्हणाली. "म्हटलं, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटला हे बोली लावतायत, तूही देवापुढं हात जोड."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. साडूचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज पडलेला असणार म्हणून मी स्पीकर लावला, बायकोलाही ऐकू जावा म्हणून. तो म्हणाला, "साडूभाऊ, अभिनंदन! चांगलं घर शे." आनंद झाला की तो अहिराणीवर घसरायचा. म्हणजे मेल्याला खरंच आनंद झाला होता! माझा अर्धा विजय तिथंच नासला.

उरलेले पैसे भरून बँकेची कागदपत्रं हातात आली, त्या रविवारी मी एकटाच फ्लॅटवर गेलो. ह्या वेळी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. चाळिशीच्या एका बाईनं दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "या दादा, तुमचीच वाट बघत होतो. बसा."

मी तयारी करून गेलो होतो भांडणाची. इथं तर सतरंजी झटकून घातलेली, पोहे आलेले. तिचा नवरा समोर बसला. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं दोन लेथ मशिनचं वर्कशॉप होतं. घर गहाण टाकून ते वाढवलं, कामं यायची बंद झाली, वर्कशॉपही गेलं आणि घरही. आता दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पगारावर होता. हे सगळं त्यानं मान खाली घालून सांगितलं. बाई मात्र मोकळी बोलत होती, आणि बोलण्यात नुसते भाऊ, भाऊ. भाऊ म्हणजे माझा साडू.

"भाऊ दोनदा येऊन गेले लिलावाच्या आधी. इथंच बसले, तुम्ही बसलात तिथं. म्हणाले, घर कागदावर माझं होईल, पण तुम्ही हलायचं नाही. झेपेल तेवढं भाडं द्या. त्यांनी सगळ्याच घरांत असं केलंय म्हणे. आमची मुलगी दहावीला आहे, शाळा इथं मागच्या गल्लीत. आम्ही तर किती दिवस झोपलो नव्हतो दादा. भाऊ बोलून गेले त्या दिवशी झोपलो."

असं होतं तर! असे मिळत होते ह्याला भाडेकरू. लोक ह्याला स्वतःचं गेलेलं घर हसत हसत देत होते आणि वर भाऊ म्हणत होते. मी तिथं पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. बोली माझी, कर्ज माझं, कागद माझ्या नावाचे, आणि घरात गजर त्याचा!

बाई आत जाऊन एक पाकीट घेऊन आली. कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं. "पहिलं भाडं," ती म्हणाली. "भाऊंनी ठरवून दिलंय तेवढं आहे. दिवस चांगला आहे, घ्या."

मी ते पाकीट सतरंजीवरून तिच्याकडे परत सरकवलं. "हे बघा, त्यांचं त्यांनी ठरवलं असेल. घर मी घेतलंय. मला रिकामं पाहिजे. महिन्याची मुदत देतो."

नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली. बाईला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "दादा, मार्चला परीक्षा आहे पोरीची. तेवढं तरी."

"महिना," मी म्हणालो.

मला घर रिकामं नको होतं. ते जे भाडं द्यायला तयार होते त्यात माझा हप्ता भागत नव्हता हे खरं, पण ते मी नंतर मोजलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच हवं होतं, की ह्या घरात त्यानं ठरवलेलं काही राहू नये. जिना उतरताना माझे पाय हलके होते. लाज वाटते लिहायला, पण होते.

अठराव्या दिवशी संध्याकाळी साडू आमच्याकडे आला. हातात पेढे नव्हते. त्यानं माझ्यापुढे किल्ल्यांचा जुडगा ठेवला. "पाथर्डी फाट्याच्या किल्ल्या. आज सामान हलवलं त्यांनी. तुमच्याकडं द्यायला सांगितल्यात. घर धुऊन पुसून ठेवलंय."

"गेले कुठं?"

"माझा आडगावचा रिकामा झाला होता. तिथं ठेवलंय."

मी वाट बघत होतो, आता हा बोलेल. लिलावाचं काढेल, मी त्याच्या नाकावर टिच्चून फ्लॅट घेतला त्याचं काढेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. तो खाली बघत किल्ल्या जुळवत बसला. शेवटी मलाच राहवलं नाही. "तुम्हाला राग आला असेल, मी पुढं गेलो म्हणून."

"पुढं कुठं गेलात साडूभाऊ?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट. "ताईचा फोन आला हिला, तवा मी बोली लावतच होतो. हिनं येऊन सांगितलं, दाजी हायेत समोर. मी कॉम्प्युटर बंद केला. म्हटलं, बरंच झालं, घर घरातच राह्यलं. दुसऱ्या दिवशी त्यांना जाऊन सांगितलं बी. म्हटलं, घाबरू नका, माझे थोरले साडू हायेत. माझ्यापेक्षा चांगला माणूस हाय. मला नाशकात त्यांनीच उभं केलं."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, माझ्याकडे बघितलं नाही. साडू गेल्यावर म्हणाली, "गुंड पाठवत असणार म्हणाला होतात ना तुम्ही त्यांना?" एवढंच. नंतर आठ दिवस घरात बोलणं चालू होतं, भाजी कुठली, गॅस आलाय का, पण ते माझ्याशी नव्हतं, घराशी होतं.

मला रागच आला आधी. खोटं कशाला बोलू? माझी आयुष्यातली एकुलती एक जीत, तीही ह्या माणसानं मला खिरापतीसारखी वाटली होती! मी ओरडत होतो 'घे अजून' म्हणून, आणि शेवटी पलीकडे कुणी उरलंच नव्हतं. दोन दिवस मी ह्याच आगीत होतो. तिसऱ्या दिवशी फ्लॅटवर गेलो. फरशी आरशासारखी, ओट्यावर डाग नाही, बाथरूममधला नळसुद्धा नवा बसवलेला. ज्या माणसानं आपल्याला हाकललं त्याच्यासाठी कुणी नळ बदलतं का? मी तिथं जमिनीवरच बसलो. बाईनं मला पाहिल्या पाहिल्या 'या दादा' का म्हटलं, पोहे का केले, पाकिटाला हळदकुंकू का लावलं, ते मला तेव्हा नीट कळलं. ते भाऊसाठी नव्हतंच. ते त्याच्यापेक्षा चांगल्या माणसासाठी होतं.

पुढच्या रविवारी मी आडगावला गेलो. साडूला न सांगता. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "जा." बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

दारावरची बेल वाजवली. बाईनं उघडलं. समोरच्या खोलीत मुलगी वह्या पसरून बसली होती, तिनं मान वर केली नाही. बाईनं मला आत घेतलं, पाणी दिलं. मी घरून घोकून आलो होतो ते एका दमात बोलून टाकलं. चुकलं माझं. घर तसंच पडलंय. साडूनं ठरवलं तेच भाडं, नाहीतर त्याहून कमी द्या. शाळा जवळ पडेल. मुदत नाही, काही नाही. पाहिजे तर कागदावर लिहून देतो.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"पोरगी साडेपाचला उठते दादा," ती म्हणाली. "दोन बस बदलते शाळेसाठी. परवा मीच तिला विचारलं, तिकडं परत जायचं झालं तर जाऊ या का. तर नको म्हणाली. तिकडं असताना दाराची बेल वाजली की ती पुस्तक मिटून उभी राहायची, बँकेचं कुणी आलं का म्हणून. मधे भाऊ येऊन गेल्यावर ते थांबलं होतं. मग तुम्ही येऊन गेलात, आणि परत सुरू झालं." तिनं मुलीकडे बघितलं. "आत्ता तुम्ही बेल वाजवलीत ना? बघा, तिला पत्तासुद्धा नाही."

मुलगी पट्टीनं समासाची रेघ मारत होती. मी उठलो. बाई म्हणाली, चहा टाकते, थांबा, मी नको म्हणालो. चपला घालताना आतून तिच्या नवऱ्यानं विचारलं, "कोण होतं गं?" आणि ती म्हणाली, "भाऊंचे साडू."

खाली येऊन गाडीपाशी बराच वेळ उभा राहिलो. साडूचा हेवा मी पंधरा वर्षं केला, पण सहा फ्लॅटांचा हेवा म्हणजे काहीच नव्हे, ते मला तिथं कळलं. त्याचं घर होतं, आत पोरगी निवांत रेघ मारत बसली होती, आणि मला त्याचा इतका हेवा वाटला की डोळ्यांतून पाणी आलं.